जुलैतले चोरीस, ऑक्टोबरातले चोरीस

इंग्लंडमधल्या स्विंडनला येऊन आम्हाला चार महिने झाले होते. एका मोठ्या सुपरमार्केटात मांसाच्या फडताळावर ‘चोरिझो’ असे लिहिलेली लालभडक सॉसेजची पाकिटे दिसली आणि मी किंमत न पाहता दोन उचलली. घरी येऊन कांदा चिरला, बटाट्याच्या फोडी केल्या, सॉसेजची साल काढून मांस मोकळे केले आणि आमच्याकडे चोरीस, म्हणजे गोव्याचे आंबट-तिखट सॉसेज, करतात त्याप्रमाणे तेल न घालता थोड्या पाण्यात शिजत ठेवले. पाच मिनिटांत स्वयंपाकघरात धुराचा आणि गोडसर मिरचीचा वास पसरला. वास चांगला होता, पण तो आमचा नव्हता. नवऱ्याने पहिला घास घेतला, ताटाकडे पाहिले आणि एक शब्दही न बोलता जेवण संपवले. त्यावरूनच मला कळले की त्याची जीभ ज्या आंबटपणाची वाट पाहत होती, तो तिला मिळाला नव्हता.

माझे माहेर सावंतवाडीचे आणि सासर गोव्यातल्या बार्देशातले. सासरे १९६१ पूर्वीच्या, म्हणजे पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात जन्मलेले, त्यामुळे पोर्तुगालच्या कायद्याप्रमाणे त्यांच्या मुलांना तिथले नागरिकत्व घेता येत होते. नवऱ्याने ते घेतले आणि ब्रिटन युरोपीय संघात असतानाच, २०१२ साली, आम्ही इंग्लंडमध्ये आलो. याच वाटेने स्विंडनला आलेली गोव्याची माणसे इतकी आहेत की रस्त्यात, बसमध्ये, चर्चच्या दारात सहज कोकणी कानावर पडते. नवरा एका गोदामात कामाला लागला आणि मी वृद्धांच्या एका केअर होममध्ये.

ज्यांनी चोरीस कधी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. डुकराचे मांस आणि चरबी यांचे हाताने लहान लहान तुकडे करून त्यांना जाडे मीठ लावतात, वर वजन ठेवून त्यातले पाणी काढतात, मग माडीच्या व्हिनेगरमध्ये वाटलेला लाल मिरची, मिरी, जिरे, हळद, लसूण, आले, लवंग, दालचिनीचा मसाला लावून मुरवतात, आतड्यात भरतात, दोऱ्याने अंगठ्याएवढे मणी बांधतात आणि उन्हात व धुरावर सुकवतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात या माळा टांगलेल्या असतात. माझे वडील मे महिन्यात बांद्यावरून बसने म्हापशाला जात आणि पावसाळ्याची बेगमी, म्हणजे गोव्यात ज्याला पुरुमेंत म्हणतात ते, भरताना सुके बांगडे, कोकम, मीठ यांच्याबरोबर चोरिसांची एक लांब माळ आणत. ती चुलीवरच्या दांडीला टांगलेली असे आणि मुसळधार पावसात जेव्हा बाजारात मासळी नसे, तेव्हा आई त्यातले सहा-सात मणी कापून घेई. म्हणून माझ्यासाठी चोरिसाचा स्वाद आणि कौलांवरचा पाऊस या गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या होत नाहीत. काही वर्षी आई घरीही करीत असे आणि मीठ लावण्यापासून माळ बांधण्यापर्यंतचे सगळे मी पाहिलेले होते, हे पुढे माझ्या कामी आले.

सुपरमार्केटातले सॉसेज स्पॅनिश होते. त्याचा रंग धुरावर सुकवलेल्या गोडसर मिरचीच्या पुडीचा, आणि आंबटपणा जवळजवळ नाहीच. मग शहरातल्या एका पोर्तुगीज दुकानात ‘शोरिसू’ मिळाले, ज्याच्या नावातूनच आमचे चोरीस आले. त्यात लसूण आणि वाइन होती, धूर होता, तुकडेही हाताने कापल्यासारखे मोठे होते. नाते लगेच ओळखू आले, पण एखाद्या चुलतभावाचे नाक आपल्या भावासारखे असावे तितकेच. पोर्तुगालमध्ये मांस वाइन आणि लसणीत मुरवण्याची पद्धत जुनी आहे. गोव्यात त्या वाइनची जागा माडीच्या व्हिनेगरने घेतली आणि पोर्तुगीजांनीच अमेरिका खंडातून आणलेली मिरची इथे मुक्त हाताने पडली. विंदालूही त्याच पद्धतीतून जन्मले. आमच्या जिभेला जे हवे होते ते लिस्बनमध्ये नव्हतेच, ते समुद्र ओलांडल्यावर तयार झालेले होते. त्या दुकानातून आम्ही पुढे नियमित घेऊ लागलो तो पाव. ‘पापो-सेको’ नावाचे ते लहान पाव वरून कडक आणि आतून मऊ असतात, आणि इंग्लंडमध्ये गोव्याच्या पावाच्या सर्वांत जवळ जाणारी वस्तू मला तीच वाटते.

गोव्याच्या पद्धतीचे म्हणून इंग्लंडमध्येच केलेले चोरीसही ओळखीतून मिळाले. रंग बरोबर होता, तिखटपणाही होता, परंतु मांस यंत्रातून खिमा करून भरलेले होते. चोरीस शिजताना चरबीचा तुकडा वेगळा वितळतो आणि मांसाचा तुकडा वेगळा राहतो, त्याला चावण्याजोगा तंतू असतो. खिम्यात हे दोन्ही एक होऊन जाते. करणाऱ्याचा दोष मी म्हणणार नाही, कारण चार किलो मांस हाताने कापायला किती वेळ जातो हे मला आता माहीत आहे.

मग आम्ही तेच केले जे परदेशातली बहुतेक घरे एकदा तरी करतात. २०१४ साली एक नातेवाईक गोव्याहून येणार होते. सासूबाईंनी दीड किलोची माळ वर्तमानपत्रात, मग प्लास्टिकमध्ये, मग टॉवेलमध्ये गुंडाळून त्यांच्या सामानात दिली. विमानतळावर सामान उघडले गेले, माळ बाहेर काढली गेली आणि नष्ट करण्यासाठी बाजूला ठेवली गेली. नातेवाईक घरी पोचले ते अपराध्यासारखे, आणि सासूबाईंना फोनवर हे सांगण्याचे धैर्य आम्हाला दोन दिवस झाले नाही. त्या वेळी मला फार राग आला होता. ज्या अन्नावर आम्ही लहानाचे मोठे झालो त्याला कचरा म्हटले गेले, असे मला वाटले.

नंतर मी नियम वाचले आणि त्यामागचे कारणही वाचले. २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ्या खुरकूताची साथ आली. नॉर्थंबरलँडमधल्या एका फार्मवर डुकरांना नीट न शिजवलेले खरकटे खाऊ घातले जात होते आणि तिथून रोग पसरला. साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणू तर मीठ लावून वाळवलेल्या मांसातही महिनोन्महिने टिकून राहतो, आणि २०२० मध्ये तो आसाम व अरुणाचल प्रदेशातही पोचला. माणसाला त्यापासून अपाय नसतो, पण डुकरांचे कळपच्या कळप जातात. एका माळेतला उरलेला तुकडा कचऱ्यातून एखाद्या डुकराच्या तोंडी गेला तर काय होऊ शकते, हे समजल्यावर माझा राग ओसरला. हळहळ मात्र राहिली. भारतातून मांस आणायचे नाही, हा आमच्या घरातला नियम तेव्हापासून पक्का आहे आणि नव्याने येणाऱ्यांनाही मी तेच सांगते.

या बाबतीत आम्ही एकटे नव्हतो, हे मला कामाच्या ठिकाणी कळले. माझ्या एका इंग्रज सहकारिणीची बहीण निवृत्तीनंतर स्पेनमध्ये आलिकांतेजवळ राहायला गेली आहे. तिथे सूर्य आहे, समुद्र आहे, उत्तम हॅम आहे, पण तिला सकाळी हवे असते ते बॅक बेकन. डुकराच्या पाठीच्या मांसाचा रुंद, गोल काप आणि त्याला लागून पोटाच्या चरबीची शेपटी, असा तो ब्रिटिश काप असतो. स्पेनमध्ये बेकन म्हणून सहज मिळते ते पोटाच्या मांसाचे पातळ, चरबीच्या पट्ट्यांचे आणि धुरावले गेलेले. सॉसेजबद्दलही तिची तक्रार मला आधी चमत्कारिक वाटली होती: तिथल्या सॉसेजमध्ये म्हणे मांस फार असते. ब्रिटिश सॉसेजमध्ये रस्क, म्हणजे भाजलेल्या गव्हाच्या पिठाचा चुरा, मिसळलेला असतो. तो मांसाचा रस शोषून घेतो आणि सॉसेज मऊ राहते. कायद्याने ‘पोर्क सॉसेज’ म्हणवून घ्यायला ४२ टक्के डुकराचे मांस पुरते. त्या मऊपणावर वाढलेल्या माणसाला घट्ट मांसाचे सॉसेज परके वाटणारच. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर तिची पंचाईत वाढली, कारण प्रवाशांना ब्रिटनमधून युरोपीय संघात मांस नेता येईना, आणि २०२१ च्या जानेवारीत नेदरलँड्सच्या बंदरात ब्रिटिश ट्रकचालकांच्या डब्यातली हॅमची सँडविचेसुद्धा काढून घेतली गेली. सहकारिणीने ही बातमी मला वाचून दाखवली तेव्हा मी तिला आमच्या दीड किलोच्या माळेची हकीगत सांगितली. त्या दिवशी आम्ही दोघी जेवणाच्या सुट्टीत बराच वेळ बोलत बसलो. बहीण आता तिथल्याच एका ब्रिटिश खाटकाकडून स्थानिक डुकराच्या मांसाचे, पण घरच्या पद्धतीने कापलेले बेकन घेते. वस्तू नेता येत नसेल तर पद्धत न्यावी, हा मार्ग तिला सापडला होता. मलाही तोच धरावा लागला, आणि तो तिच्या आधी काही वर्षे धरलेला होता.

पहिला घाणा मी २०१५ च्या जुलैमध्ये घातला. स्थानिक खाटकाकडून तीन किलो खांद्याचे मांस आणि एक किलो पोटाची चरबी आणली. काश्मिरी मिरची भारतीय दुकानात मिळाली, आतडी मिठात घातलेली डाक-मागणीने आली आणि व्हिनेगर म्हणून साधे पांढरे वापरले. आईने केले होते तसेच सगळे करायचे असे ठरवल्यामुळे मी उन्हाळ्याची वाट पाहिली, कारण आमच्याकडे चोरीस उन्हाळ्यातच होतात. परसात दोरी बांधली, माळा टांगल्या, वर मलमल घातली. पहिले दोन दिवस ऊन होते. तिसऱ्या दिवशी पाऊस आला. माळा आत आणल्या, स्वयंपाकघरात टांगल्या, पुन्हा बाहेर नेल्या, पुन्हा आत आणल्या. पाचव्या दिवशी मण्यांवर बुळबुळीत थर धरला आणि सहाव्या दिवशी वासाने मला सांगितले की आता यात काही राम नाही. चार किलो मांस मी पिशव्यांत बांधून टाकून दिले. पैशांपेक्षा त्या कापलेल्या एकेका तुकड्याचे मला वाईट वाटले.

सावंतवाडीत मेच्या उन्हात मण्याची साल एका दिवसात कोरडी होते आणि संध्याकाळी चुलीचा धूर त्यावर बसतो. स्विंडनच्या जुलैत बावीस अंश उष्णता असते, म्हणजे मांस नासण्यापुरती पुरेशी आणि ते झटकन सुकवण्यासाठी अपुरी. हे आज मी एका वाक्यात लिहिते, पण तेव्हा मला ते कळले नव्हते. मला ते केअर होममधल्या एका वृद्ध गृहस्थांनी सांगितले.

त्यांचे वय नव्वदीला आलेले होते. रोज सकाळी त्यांना बेकनचे दोन काप लागत आणि रोज ते म्हणत की तव्यात बेकनमधून पांढरे पाणी सुटते ते बेकनच नव्हे. त्यांचे म्हणणे खरे आहे. हल्ली पुष्कळ बेकनमध्ये सुयांनी खारे पाणी टोचून भरतात. त्यामुळे वजन वाढते आणि वेळ वाचतो, पण तापल्यावर ते पाणी बाहेर येते आणि काप भाजला जाण्याऐवजी उकडला जातो. हे गृहस्थ स्विंडनपासून जवळच्या काल्न नावाच्या गावातले, ज्यातला ‘ल’ तिथली माणसे उच्चारीत नाहीत, आणि तरुणपणी तिथल्या बेकनच्या कारखान्यात कामाला होते. एका सकाळी माझा चेहरा उतरलेला पाहून त्यांनी विचारले आणि मी माझ्या माळांचे काय झाले ते सांगितले. त्यांनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिले आणि म्हणाले की जुलैत कोणी मांस टांगते का? ज्या महिन्याच्या इंग्रजी नावात ‘आर’ नाही त्या महिन्यात डुकराला हात लावायचा नाही, हे त्यांना त्यांच्या आजीने शिकवले होते. मी मनातल्या मनात महिने मोजले. मे, जून, जुलै, ऑगस्ट. आमच्या पुरुमेंताचा महिना नेमका त्यांच्या निषिद्ध महिन्यांत पहिला होता.

पुढच्या सुट्टीला मी काल्नला गेले. कारखाना १९८० च्या दशकातच बंद होऊन पाडला गेला आहे, पण गावात डुकरांचे एक शिल्प आहे आणि गावकऱ्यांनी जुन्या गोष्टी जपून ठेवल्या आहेत. आयर्लंडहून आणलेली डुकरे ब्रिस्टलला उतरवून लंडनकडे पायी हाकत नेली जात आणि वाटेत त्यांचा मुक्काम काल्नला पडे. अठराव्या शतकात तिथे हॅरिस घराण्याने खाटकाचा धंदा सुरू केला. बेकन तेव्हा फक्त थंडीत करता येई, कारण उन्हाळ्यात मीठ आतपर्यंत पोचण्याआधी मांस बिघडे, आणि ते टाळायला मीठ भरमसाट घालावे लागे. या घराण्यातला एक जण अमेरिकेला जाऊन बर्फाने थंड ठेवलेली कोठारे पाहून आला. मग काल्नला छतात बर्फ भरलेले कोठार बांधले गेले आणि १८६४ साली त्याचे पेटंट घेतले गेले. त्यामुळे वर्षभर बेकन करता येऊ लागले आणि मीठही कमी लागू लागले. विल्टशर क्युअर नावाची सौम्य, खाऱ्या पाण्यात बुडवून मुरवण्याची पद्धत या गावामुळे जगभर गेली. मी ज्या विल्टशर परगण्यात राहत होते, तिथल्या माणसांनी शंभर वर्षे याच प्रश्नावर डोके खपवले होते, आणि मी मात्र सावंतवाडीचे पंचांग हातात घेऊन परसात उभी होते.

दुसरा घाणा नोव्हेंबरात घातला. या वेळी परसातली लाकडी शेड रिकामी करून धुतली, तिच्या झडपांना जाळ्या लावल्या आणि आत तापमान व आर्द्रता दाखवणारे एक स्वस्त यंत्र ठेवले. मांस बिघडले नाही. तीन आठवड्यांत मणी घट्ट झाले. पण मी घरात होते ते बार्लीचे तपकिरी माल्ट व्हिनेगर वापरले होते, आणि पहिला मणी शिजला तेव्हा सगळ्या घराला फिश अँड चिप्सच्या दुकानाचा वास आला. तो स्वाद वाईट नव्हता, फक्त तो दुसऱ्या कोणाच्या बालपणाचा होता.

व्हिनेगरचा प्रश्न सोडवला माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका फिलिपिनी परिचारिकेने. मी नारळाच्या व्हिनेगरची गोष्ट काढताच ती म्हणाली की त्यात काय, माझ्या घरी दोन बाटल्या आहेत. त्यांच्याकडे माडाची सूर, म्हणजे माडी, काढतात, तिला ‘तुबा’ म्हणतात आणि ती आंबवून ‘सुकांग तुबा’ हे व्हिनेगर करतात. म्हणजे आमच्या रेंदेराचे, माडी काढणाऱ्याचे, काम तिकडेही कोणीतरी माडावर चढून करीत होते. तिने आणखी एक गोष्ट सांगितली. बाटलीवर नारळाचे चित्र असले म्हणून भुलायचे नाही, कारण काही व्हिनेगर नारळाच्या पाण्यापासून करतात आणि काही माडीपासून, त्यामुळे मागचे लेबल वाचून माडीचेच घ्यायचे. तिलाही तिच्या लोंगानिसाची आठवण येत होती. स्पॅनिश अमलातून त्यांच्याकडे आलेले ते सॉसेज, आणि लुझोन बेटावरच्या विगान शहरातले तर उसाच्या व्हिनेगरने आणि भरपूर लसणीने केलेले असते. दोन वेगळ्या साम्राज्यांनी दोन वेगळ्या किनाऱ्यांवर एकच वस्तू आणून सोडली, आणि दोन्हीकडच्या लोकांनी वाइन नाही म्हणून आपल्या झाडाचे आंबट त्यात घातले, हे ऐकून मला त्या दिवशी फार आनंद झाला.

तिसऱ्या घाण्यापासून जी पद्धत बसली ती मी आजही पाळते, म्हणून ती नीट लिहिते. ऑक्टोबरात, रात्री पारा आठ अंशांच्या आसपास उतरू लागला की मी मांस आणते. तुकडे बोटाच्या पेरापेक्षा लहान, चरबीचे त्याहून थोडे लहान. अर्धवट गोठवलेले मांस सुरीला चांगले उभे राहते. किलोला तीस ग्रॅम जाडे मीठ लावून मांस चाळणीत भरते, चाळणी पातेल्यावर ठेवते, वर ताटली आणि त्यावर पाण्याने भरलेली दोन भांडी, आणि हे सगळे फ्रिजमध्ये दीड दिवस. चार किलोंतून पाव लिटरच्या आसपास पाणी निघते. या पायरीवर मला घाई करावीशी वाटते तेव्हा आईचे फोनवरचे बोलणे आठवते: “आधी पाणी जावक होया, मगे मसालो.” ते पाणी राहिले तर व्हिनेगर पातळ होते आणि स्वादही जातो व टिकण्याची ताकदही जाते.

मसाला पूर्ण व्हिनेगरमध्येच वाटते, त्यात पाण्याचा थेंब पडू देत नाही. चार किलोंना शंभर ग्रॅम काश्मिरी मिरच्या, वीस ग्रॅम मिरी, पंधरा ग्रॅम जिरे, मोठा चमचा हळद, चार गड्डे लसूण, दोन बोटे आले, दहा-बारा लवंगा, दालचिनीचे दोन तुकडे आणि सुमारे चारशे मिलिलिटर व्हिनेगर. याच वेळी मी किलोला अडीच ग्रॅम नायट्राइटमिश्रित मीठ मोजून घालते. आईने ते कधी वापरले नाही आणि सुरुवातीला तिला ते पटलेही नाही. पण आई करीत असे तिथे प्रखर ऊन, झटपट कोरडेपणा आणि रोजचा धूर होता, आणि माझ्याकडे थंड शेडमध्ये तीन आठवडे लटकणारे ओले मांस आहे. हे मीठ बॉट्युलिझम ही विषबाधा टाळण्यासाठी असते, आणि तिचे नावच लॅटिनमधल्या सॉसेजच्या शब्दावरून आले आहे, इतका या दोघांचा संबंध जुना. या मिठाचे वजन मात्र डोळ्यांनी घेऊ नये. दशांश दाखवणारा लहान काटा घ्यावा, कारण जास्त झालेले नायट्राइट स्वतःच विषारी असते.

दोन दिवस मुरल्यावर भरणे. आतडी आदल्या रात्री पाण्यात भिजत घालून नळाखाली आतून धुवायची, नरसाळ्याच्या तोंडावर चढवायची आणि अंगठ्याने तुकडे लोटायचे. हे काम दोघांचे आहे. नवरा आतडे धरतो आणि दर चार सेंटिमीटरवर दोरा आवळतो. हवेचा फुगा राहिला तर सुईने टोचायचा. मग शेडमध्ये टांगायचे. पहिल्या चार-पाच दिवसांत रोज रात्री जाळीच्या लहान तबकात ओक लाकडाचा भुसा एका टोकाला पेटवून ठेवते. शंभर ग्रॅम भुसा ज्वाला न होता दहा तासांपर्यंत धुमसत राहतो आणि शेड तापत नाही. चुलीचा धूर हा नव्हे, त्यात नारळाच्या सोडणांचा वास नाही. या एका बाबतीत मी तडजोड केली आहे आणि ती मला अजून जाणवते.

सुकले की नाही हे बोटाने ओळखायला आई शिकवते, पण व्हिडिओ कॉलवर बोट पोचत नाही. म्हणून मी वजन करते. टांगण्याआधी प्रत्येक माळेचे वजन चिठ्ठीवर लिहून ती माळेला बांधायची, आणि तीस टक्के वजन गेले की माळ उतरवायची. मण्यांवर पांढरी, पिठासारखी बुरशी आली तर ती व्हिनेगरच्या फडक्याने पुसते. हिरवी, काळी किंवा केसाळ आली, किंवा बुळबुळीतपणा दिसला, तर ती माळ टाकून देते, मग कितीही जीव तुटो. आणि हे चोरीस कच्चे खायचे नसतात, पूर्ण शिजवूनच खायचे, जसे घरी खात आलो तसे.

तिसऱ्या घाण्याचे पहिले मणी शिजले त्या रविवारी बाहेर बारीक पाऊस होता. कांदा, बटाटा, थोडे पाणी, झाकण. झाकण काढल्यावर व्हिनेगरची आंबट वाफ आधी नाकात शिरली आणि मागून लसूण, मग मिरी. नवऱ्याने पापो-सेको फोडला, त्यात लाल रस्सा भरला, खाल्ला आणि लगेच दुसरा फोडला. मग त्याने आईला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, फोन लावला आणि तोंडात घास असतानाच बोलू लागला. विमानतळावरच्या त्या माळेबद्दल तोवर घरात कोणी बोलत नसे. त्या दिवशी सासूबाईंनी स्वतःच विचारले की टॉवेल तरी परत दिला होता का.

काल्नचे ते वृद्ध गृहस्थ आता नाहीत. जाण्याच्या आदल्या हिवाळ्यात मी त्यांच्यासाठी कारखान्याच्या जुन्या पद्धतीने, खाऱ्या पाण्यात मुरवून बेकनचा एक तुकडा केला होता. परिचारिकेची आणि स्वयंपाकघराची रीतसर परवानगी घेऊन त्यांना दोन काप भाजून दिले. तव्यात पाणी सुटले नाही. त्यांनी काप काट्याने उचलून उजेडात धरला, दोन्ही बाजू पाहिल्या आणि मग खाल्ला. मीठ किंचित जास्त आहे, असे ते म्हणाले, आणि मला ते बरोबर वाटले.

यंदाच्या माळा शेडमध्ये आहेत. परिचारिकेच्या लोंगानिसाची एक माळही त्यांच्या शेजारी टांगली आहे, फक्त तिच्यात साखर असल्याने ती लवकर काळसर दिसू लागली आहे. दाराजवळच्या माझ्या माळेच्या चिठ्ठीवर ६२० ग्रॅम लिहिले आहे, म्हणजे ती ४३४ वर आली की उतरवायची. काल रात्री काट्यावर ४५२ भरली. हवा कोरडी राहिली तर आणखी दोन दिवस.